जिथे दुखत नाही

बेंबीच्या डाव्या अंगाला, चार बोटांवर
माझी एक ठरलेली जागा होती.
नऊ वर्षं तिथेच टोचलं, सकाळ-रात्र,
कारण तिथे दुखायचंच बंद झालेलं.
शालनला म्हणायचो,
कातडं शहाणं झालंय बघ.

साखर मात्र शहाणी होईना.
आज तीनशे, परवा भरदुपारी साठ.
एकदा गिरणीपुढे पाय मऊ पडले,
दळण सांडलं, आणि गिरणीवाल्या पोरानं
पिठाच्याच हातांनी साखरपाणी पाजलं.

शीवचं रुग्णालय, खोली नंबर अकरा.
सिस्टर ब्रिजेट घोन्साल्विस, वसईच्या.
"शर्ट वर घ्या, रेवंडकर."
मला वाटलं, बघतील. त्या बघेचनात.
डोळे खिडकीबाहेर, बोटं पोटावर,
तांदूळ निवडताना खडा लागावा
तशी एका ठिकाणी थांबली.
माझाच हात धरून त्यांनी तिथे ठेवला.
कातडीखाली लिंबाएवढी गाठ,
रबरी, मुकी.
"दुखत नाही म्हणून इथे टोचता ना?
जिथे दुखत नाही,
तिथून औषधही धड पुढे जात नाही."

मी तेहेतीस वर्षं बसमध्ये तिकिटं पंच केली.
एकाच आकड्यावर दोनदा चिमटा मारला
तर कागद फाटतो,
हे मला कुणी शिकवायला नको होतं.

सिस्टरनी बॉलपेनने पोटाचे चार वाटे केले,
बेंबीभोवती दोन बोटं सोडून.
आठवड्याला एक वाटा,
रोज कालच्या भोकापासून बोटभर पुढे.
गाठीला हात लावायचा नाही, निदान काही महिने.
"म्हणजे स्टेज," मी म्हणालो.
"म्हणजे स्टेज," त्या हसल्या नाहीत.
"आणि नव्या जागी औषध नीट लागू पडेल,
साखर धाडकन उतरेल, तपासत राहा."
डॉक्टरांनी तिथल्या तिथे सहा युनिटं कमी केली.

"एक सुई किती वेळा?"
"दोनदा," मी म्हणालो.
"पंधरवडाभर," मागून शालन.
सिस्टरनी भिंगाखाली माझी सुई धरली.
टोक वाकलेलं, गळासारखं.
नऊ वर्षं मी माझ्याच पोटात
मासे धरत होतो.

"आणि टाकता कुठे?"
यावर शालनही बोलली नाही.
पेपरात गुंडाळून, ओल्या कचऱ्यात.
गेल्या दिवाळीत गंगव्वा
अंगठ्याला चिंधी बांधून दारात उभी होती.
काच लागली असेल, म्हणाली.
मी म्हणालो, असेल.
आणि पोस्त वीस रुपये वाढवून दिलं.

आता फिनेलची रिकामी बाटली आहे, जाड, झाकणाची.
रोज रात्री नवी सुई. आधी दोन युनिटं हवेत,
टोकावर थेंब दिसेपर्यंत.
मग सरळ आत, तिरकं नाही.
बटण शेवटपर्यंत दाबायचं आणि दहा मोजायचे,
घाईत उपसलं तर औषध कातडीवरच ओघळतं.
आकडे मला कंटाळवाणे होतात.
मी थांबे मोजतो.
राणी लक्ष्मी चौक, किंग्ज सर्कल, रुईया,
दादर टीटी, हिंदमाता, परळ,
लालबाग, चिंचपोकळी, राणीबाग,
भायखळा. उतरा.
सुई बाटलीत पडते, टक.
नवी जागा चुरचुरते.
चुरचुरू दे.

काल गंगव्वाला विचारलं,
अंगठा कसा आहे?
"कुठला?" म्हणाली. मग आठवून हसली.
"त्याला वर्ष झालं की. आता नाही दुखत."

सोमवारी तिला घेऊन शीवला चाललोय.
खोली नंबर सतरा, रक्ततपासणी.
काच नव्हती ती, हे कसं सांगायचं
ते अजून जमलेलं नाही.
बसमध्ये बघू.